उदाहरणादाखल मी वारलो

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी तीन वाजता मी वारलो. त्या वेळी मी दुर्गजवळच्या वैशाली नगरातल्या आमच्या घराच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलो होतो, कोणी आवाज करू नये म्हणून.

आत माझ्या धाकट्या भावाची मुलगी प्रणाली लॅपटॉपपुढे बसली होती. परदेशातल्या एका विद्यापीठात एम.एस्सी.साठी तिची मुलाखत होती, शिष्यवृत्तीसकट. आदल्या वर्षीही एक झाली होती. तेव्हा पहिल्याच प्रश्नाला तिचं इंग्रजी घशात अडकलं आणि पोरगी दोन दिवस जेवली नाही. या वेळी जमलं नाही तर शिष्यवृत्तीची वयाची अट आड येणार होती, म्हणजे विषयच संपला. आमच्या घराण्यातलं कोणी आजवर शिकायला नागपूरच्या पलीकडे गेलं नव्हतं. त्यामुळे तिच्याइतकीच मलाही धाकधूक होती, आणि धाकधूक झाली की मी शिकवायला लागतो. (हा दोष जुना आहे. शालू, म्हणजे माझी बायको, त्याला आजार म्हणते.)

मुलाखतीआधी दीड महिना मी फोनवर एक ग्रुप काढला. नाव ‘शब्दपाळी’. कारखान्यात बत्तीस वर्षं पाळीच्या सुरुवातीला मी कामगारांना सूचना दिल्या होत्या, तीच पद्धत इथे लावली. सकाळी सहाला ए पाळीचे तीन शब्द, दुपारी दोनला बी पाळीचे तीन. रात्री दहाची सी पाळी शालूने पहिल्याच दिवशी बंद पाडली. शब्द बाजारात भाजी घेताना लागतात तसले नव्हते, प्रोफेसर लोक जाड पुस्तकांत लिहितात तसले होते. एका संदेशात शब्द आणि अर्थ, आणि मग वेगळ्या संदेशात फक्त एक वाक्य. वाक्य एकटं पाठवलं की डोक्यात ठसतं, असा माझा सिद्धांत होता.

वाक्य ओळखीच्या माणसावर असावं, हा दुसरा सिद्धांत. सुरुवातीला मी ‘अपुरे’ या अर्थाच्या शब्दासाठी शालूच्या भाजीतल्या मिठाचं उदाहरण घेतलं. प्रणालीने ते तिला वाचून दाखवलं आणि पुढचे दोन दिवस मला बिनसाखरेचा चहा मिळाला. तेव्हापासून कोणाचं मन दुखवायला नको म्हणून मी सगळी वाक्यं स्वतःवरच करू लागलो.

इथवर ग्रुपात आम्ही दोघंच होतो. मग डोंगरगडच्या सखूआत्याला कळलं. ती माझ्या वडिलांची बहीण, वय ऐंशीच्या आसपास. तिने फोन केला आणि सरळ विचारलं, “पोरीले शिकवून राहिला, अन् आमी कावून अडाणी राहावं?” आमच्या घरात शिकायला नाही म्हणता येत नाही, आमची सगळी उभारणीच शिक्षणावर झाली आहे. तिला घेतलं. मग गोंदियाचा बाळू रुसला. हा शालूचा भाऊ, रेल्वेत आहे. त्याला घेतलं. आठवडाभरात ग्रुपात सव्वीस जण झाले. आत्याला इंग्रजी येत नव्हतं, पण फोनमध्ये भाषांतराचं बटण असतं हे तिला नातीने दाखवलं होतं. ती ते बटण दाबून दाबून माझं प्रत्येक वाक्य वाचायची, असं मला नंतर कळलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मला पक्की ठाऊक होती आणि तरी आठवली नाही. आमच्याकडे आनंदाची बातमी मराठीत येते, हिंदीत येते, कधी छत्तीसगढीतही येते. वाईट बातमी मात्र इंग्रजीतच येते. पूर्वी तार यायची, मग दवाखान्याचा कागद यायचा. आता फोनवर कोणी सलग दोन ओळी इंग्रजी लिहिलं की माणसं आधी चपला शोधतात.

मुलाखत जवळ आली तशी मला वाटलं, सुटी वाक्यं कंटाळवाणी होतात, एक सलग गोष्ट करू. शनिवारी सकाळी सहाला ‘डिटेरिओरेट’ या शब्दासाठी मी लिहिलं, की श्रीयुत सुधाकर यांची प्रकृती लक्षणीयरीत्या खालावली आहे. (सुधाकर म्हणजे मीच.) दुपारी दोनला ‘इन्एव्हिटेबल’साठी लिहिलं, की उपचार निष्फळ ठरले असून परिणाम अटळ दिसतो. रविवारी सकाळी सहाला ‘टर्मिनेट’ घेतला: अखेर आज पहाटे हा दीर्घ संघर्ष संपुष्टात आला. गोष्ट चांगली रंगली म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

शनिवारी मला एकाचाही फोन आला नाही. आजारी माणसाला कशाला त्रास द्यायचा, म्हणून सगळ्यांनी एकमेकांना फोन केले. रविवारी मात्र सगळ्यांनी आमच्याकडे लावले. पण तोवर मी घरातले यच्चयावत फोन बंद करून पिठाच्या डब्यात ठेवले होते. मुलाखतीत घंटी वाजायला नको! रुआबांध्याला भावाच्या घराशेजारी वेल्डिंगचं दुकान आहे, म्हणून मुलाखत आमच्या शांत घरी व्हावी हा हट्टही माझाच. भाऊ, वहिनी आणि शालू यांना मी स्वयंपाकघरात न बोलण्याच्या अटीवर बसवलं होतं. सव्वीस माणसांच्या ग्रुपाला एका घरचे सगळे फोन एकाच सकाळी बंद लागले, याचा अर्थ लावायला कोणाला बटण दाबावं लागलं नाही.

तीन वाजता मुलाखत सुरू झाली आणि तीन वाजून पाच मिनिटं झाली असतील-नसतील तोच दुर्ग स्टेशनवरून तीन ऑटो गल्लीत शिरल्या. पांढऱ्या लुगड्यात सखूआत्या, पांढऱ्या शर्टात बाळू, मागे बाकीचे, हातात मेणबत्त्यांची पुडकी. आमच्याकडे रडणं गल्लीच्या तोंडापासून सुरू करायची रीत आहे. आत्याने ती पाळली. समोरचे शेजारी सतरंजी घेऊन धावत आले.

मी उठून दोन्ही हात पसरून फाटकात उभा राहिलो आणि दबक्या आवाजात म्हणालो, “आत्या, हळू. आत इंटरव्ह्यू चालू आहे.”

“बाजूले हो बाबू,” आत्या डोळ्यांना पदर लावूनच म्हणाली, “मले त्याले एकडाव पाहू दे.” आणि मला ढकलून थेट बैठकीत गेली.

बैठक आणि प्रणालीची खोली यांच्यामध्ये एकच दार. मी मागे धावलो. आत्याने आधी सोफ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे, मग पदर खाली करून माझ्याकडे. तिने मला ओळखलं आणि माझ्या गळ्यात पडून दुप्पट मोठ्याने रडायला लागली. बाळूला आनंद झाला असावा, पण तो चिडल्यासारखाच दिसत होता. ड्यूटी बदलून आला होता बिचारा. “भाऊजी, तुमी तं चांगले हिंडून फिरून राहिले,” तो म्हणाला. मी सांगितलं, की ते उदाहरण होतं, खरं नव्हतं. आत्या रडायची थांबली. “उदाहरणाले तुले दुसरं काही नाही भेटलं?” तिने विचारलं. खरं सांगतो, माझ्यासाठी एवढी माणसं धावत आलेली पाहून माझेही डोळे भरले होते.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. प्रणाली उभी होती. पोरीची शेवटची संधी, आणि ती मी माझ्या हाताने घालवली.

“काका, इकडे या,” ती म्हणाली. “ते लोक पूछ रहे हैं, घरी कोण गेलं? मी सांगितलं, माझे काका. अन् हेही सांगितलं का ते जिवंत आहेत म्हणून लोक जास्त रडून राहिले. आता त्यांना तुमाले पाहायचं आहे.”

पडद्यावर तीन गोरे चेहरे होते. एक बाई हसू दाबत होत्या. त्यांनी मला विचारलं, आपण ठीक आहात ना? बत्तीस वर्षं सूचना दिल्या, दीड महिना प्रोफेसरांचे शब्द वाटले, आणि आज खुद्द प्रोफेसर समोर होते. माझ्या तोंडून निघालं, “यस सर. अलाइव्ह सर.” बाईंना!

त्यानंतर प्रणाली अर्धा तास बोलली. तिच्या घशात काही अडकलं नाही. एवढी फजिती सांगून झाल्यावर आता भ्यायला उरलं काय होतं, असं ती पुढे म्हणाली. दाराबाहेर आम्ही सगळे सतरंजीवर श्वास रोखून बसलो होतो आणि आत्या हुंदके पदरात दाबत होती.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. जागाही मिळाली, शिष्यवृत्तीही. वहिनी रडली, मी पेढे आणायला सिविक सेंटरच्या बाजारात गेलो. परत आल्यावर मला राहवेना. मी प्रणालीला विचारलं, की माझ्या शब्दांपैकी कोणता सगळ्यात जास्त कामी आला?

तिने हातातला पेढा परत खोक्यात ठेवला. मग म्हणाली, “काका, रागवू नका. तो ग्रुप मी दुसऱ्या हफ्त्यातच म्यूट केला होता. त्यानंतर एकही वाक्य नाही वाचलं.”

म्हणजे दीड महिना माझा एकेक शब्द मन लावून वाचणारे विद्यार्थी मला नव्हतेच असं नाही. ते सगळेच्या सगळे मला पोचवायला आले होते.