अहोबिलाचारींचा ग्रहणाचा धडा

अहोबिलाचारींचं कोण्या मडमेशी सूत जुळलंय, ही बातमी कुंभकोणमच्या अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणआळीत, पहिल्यांदा विहिरीवर फुटली. टपालानं त्यांच्याकडे लाखेची मोहोर लावलेली लांबट पाकिटं येत, आणि ती फोडताना म्हाताऱ्याचे कान लालबुंद होत. बायकांना एवढा पुरावा पुष्कळ झाला. खरं म्हणजे पाकिटं येत मद्रासेहून, शाळाखात्याच्या मोठ्या साहेबाच्या कचेरीतून, आणि त्या साहेबाला छातीपर्यंत दाढी होती. कान लाल होत ते रागानं.

आचारींनी मद्रासेत तीस वर्षं दुर्बिणीला डोळा लावून तारे टिपले होते. पेन्शन घेऊन घरी आले आणि त्याच वर्षी पंचांगातलं चंद्रग्रहण पाऊण घटका चुकलं. सगळं गाव कावेरीत गळ्यापर्यंत उभं, दात वाजताहेत, आणि वर चंद्र अख्खाच्या अख्खा. पंचांग वाचणारे पिच्चुशास्त्री जराही न लाजता म्हणाले, "चंद्राला आज उशीर झाला."

तेव्हापासून आचारी पेटले. तिसरीच्या नव्या तमिळ पुस्तकात ग्रहणाचा एक धडा घालायचाच. पोरांनी आपल्या डोळ्यांनी बघावं, आपलं आपण मोजावं. धडा तयारही झाला: समई म्हणजे सूर्य, नारळ म्हणजे पृथ्वी, लिंबू म्हणजे चंद्र. कुठल्याही घरात मांडता येईल असा. पुस्तक पोंगलनंतर, म्हणजे संक्रांत उलटल्यावर, छापायला जाणार होतं, आणि एकदा छापलं की दहा वर्षं त्याला कोणी हात लावणार नव्हतं.

पहिल्या पत्राला उत्तर आलं: अर्ज हेडमास्तरांमार्फत यावा. हेडमास्तर म्हणाले, "तुम्ही माझ्या शाळेत ना मास्तर, ना विद्यार्थी. मी कोणत्या नात्यानं पाठवू?" दुसऱ्या पत्राला उत्तर आलं: तमिळ मजकूर वाचण्याची येथे सोय नाही, इंग्रजीत पाठवावा.

"अहो, पुस्तक तमिळ आणि त्यांना तमिळ वाचता येत नाही?" बायको वेदवल्ली ताक घुसळता घुसळता म्हणाली. "आंधळ्यानं आरशांचं दुकान घातल्यासारखंच झालं की!"

"शनी शंभर वर्षांनी कुठे असेल ते मी सांगतो," आचारी पुटपुटले. "कचेरीतला कागद उद्या कुठे असेल ते कोणाच्या बापाला सांगता यायचं नाही."

इंग्रजी त्यांना येत होतं, पण हात थरथरे. म्हणून मसुदा घेऊन ते कोर्टासमोरच्या चिंचेखाली गेले. तिथे सवरिमुत्तू अर्ज लिहायला बसे. अक्षर मोत्यासारखं.

"आकडे तंतोतंत हवेत हं, बाबा."

"स्वामी, सवरिमुत्तूच्या हातचा अर्ज आजवर परत आलेला नाही."

"यायचा कसा? जातो कुठे तेच कोणाला ठाऊक नसतं!"

आचारींनी आकडे तीनतीनदा तपासले. शेवटचं पान मात्र वाचलं नाही. अर्जाचं शेपूट आणि भजनाचं मंगल, दोन्ही सगळीकडे सारखीच, असं म्हणून खाली सही ठोकली.

दीड महिन्यानं पाकीट आलं. आत लिहिलं होतं: आपले वय पंचविसाच्या वर असल्याने कारकुनाची जागा देता येत नाही.

आचारी तसेच चिंचेकडे धावले. उपरणं अर्धं रस्त्यावर लोळत होतं. "नोकरी? कोणी मागितली नोकरी?"

सवरिमुत्तूनं पानाचा तोबरा दुसऱ्या गालात सारला आणि अर्जाचा शेवट घडाघडा म्हणून दाखवला. "घरात आठ खाणारी तोंडं आहेत, कृपा करून पदरी एखादी नोकरी घालावी, मी मुलाबाळांसह सरकारच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करीन."

"अरे गृहस्था, घरात आम्ही दोघंच! आणि हे मी तुला कधी सांगितलं?"

"ते काय सांगावं लागतं, स्वामी? काही न मागता साहेबाला पत्र लिहिणारा माणूस मी वीस वर्षांत पाहिला नाही. साहेबाला संशय नाही का यायचा?"

आचारींनी त्याच दिवशी आपल्या थरथरत्या हातानं चौथं पत्र लिहिलं: नोकरी नको, धडा वाचा. त्याला उत्तरच आलं नाही. पोंगल आला, उसाची चिपाडंही वाळली, आणि पुस्तक छापून आलं. त्यात ग्रहणाचा धडा होता! मेणबत्ती म्हणजे सूर्य, सफरचंद म्हणजे पृथ्वी, चेरी म्हणजे चंद्र. खाली एक ओळ: या देशातील लोक अज्ञानामुळे ग्रहणात नदीत उभे राहतात.

"चेरी म्हणजे काय हो?" वेदवल्लीनं विचारलं.

"मी कुठे पाहिलीय!" आचारींनी पुस्तक मिटलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पंधरवड्यानं शाळा तपासायला शाळाखात्याचे डेप्युटी अय्याकण्णु मुदलियार आले. हारतुरे झाले, गावातली मानाची मंडळी ओळीनं बसली. मुदलियारांनी कागद चाळले आणि आचारींना पुढे बोलावलं.

"नोकरीचा अर्ज केला होता तो तुम्हीच ना? साहेबांना दया आली बरं का. शाळेत घंटा वाजवायची जागा रिकामी आहे. वेळेचं तुम्हाला कळतंच. वयाकडे आम्ही काणाडोळा करू."

"घ्या आचारी, घ्या!" पिच्चुशास्त्री मागून खिदळले. "आता चंद्राला घंटेवर आणा!"

सगळे हसले. आचारींच्या हातात धड्याची नक्कल होती, मुदलियारांना दाखवायला आणलेली. त्यांनी ती चौघडी करून कमरेला खोचली.

"घंटा कोणीही वाजवील," ते म्हणाले. "तुमच्या कचेरीत आलेलं पत्र वाचायची जागा रिकामी आहे, ती आधी भरा."