उलटी गुंडाळलेली टेप

आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझं नटबोल्टचं दुकान आहे आणि त्याला लागून टेस्टरचं गॅरेज. गॅरेज कसलं, पत्र्याची शेड. भिंतीवर वायरींची भेंडोळी आणि एक लाकडी बाक. गिऱ्हाईक नसलं की मी त्या बाकावर जाऊन बसतो. तो गाड्यांची वायरिंग करतो. खरं नाव वेगळं आहे, पण करंट आहे का बघायचा टेस्ट लॅम्प सदान्‌कदा गळ्यात असतो म्हणून सगळे त्याला टेस्टर म्हणतात. त्याच्याविषयी लिहा, असं त्याच्या पुतणीने मला सांगितलं. मी म्हटलं, "अगं, मला बिलावर नाव लिहितानाही दोनदा विचार करावा लागतो." ती म्हणाली, "पण तुम्ही तिथे होतात." हे मात्र खरं. मी तिथे होतो.

टेस्टरचा कशावर म्हणून विश्वास नाही. वायर लाल आहे म्हणजे तिच्यात करंट असेल, हे त्याला मान्य नाही. दिवा लावून बघणार, मग मीटर लावून बघणार, मग म्हणणार, "मीटरची बॅटरी उतरलेली दिसते." गिऱ्हाईक म्हणालं की काल हॉर्न वाजत होता, तर हा विचारणार, "काल गाडीत तुम्हीच होतात ना?" मी त्याला चहा नेऊन दिला तर कपाकडे न बघता माझ्याकडे बघतो. "काय काम आहे, शेठ?" मला तो शेठ म्हणतो, कारण माझ्या दुकानात गल्ल्यापेक्षा धूळ जास्त असते. स्क्रूड्रायव्हर हरवला की पहिली नजर माझ्यावर. तो त्याच्याच मागच्या खिशात सापडला की म्हणतो, "तूच ठेवलास." वहिनी, म्हणजे त्याची बायको, सांगतात की लग्न ठरताना याने त्यांच्या मामाला पुन्हा पुन्हा विचारलं होतं, "दाखवली ती मुलगी हीच ना?"

पण एक गोष्ट मी त्याच्या बाजूने सांगेन. जोडावर काळी कापडी टेप गुंडाळून झाली की तो तिचं टोक जरासं दुमडून ठेवतो. पुढे कुणाला जोड उघडायचा झाला तर नख लावायला जागा असावी म्हणून. दुसरं कोणी हे करताना मी पाहिलेलं नाही. आणि तो डावखुरा आहे. त्यामुळे सगळ्यांची टेप एका अंगाने चढते, याची दुसऱ्या. टेप माझ्याच दुकानातली असते, म्हणून माझं लक्ष जातं, एवढंच.

आता त्याच्या दादाविषयी. दादा म्हणजे थोरला भाऊ. मागच्याच रस्त्यावर राहतो. त्यांच्या वडिलांचा लाकडी सामान पोचवायचा धंदा होता आणि त्यासाठी एक पिकअप होता. चाकांवर उभा असलेला म्हातारा बैलच जणू. त्याच्या डॅशबोर्डात कंपनीने बसवून दिलेला रेडिओ होता, जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा. एक बटण तुटलं तेव्हा वडिलांनी तिथे कपाटाच्या खणाची पितळी मूठ बसवली होती. वडिलांनंतर गाडी दादा चालवू लागला. मग आई आजारी पडली, गेली आणि त्याच सुमाराला कधीतरी डॅशबोर्डातून रेडिओ गायब झाला. तिथे नुसतं भोक राहिलं.

दादा म्हणाला, "या घरात वायरी कळतात कुणाला?"

टेस्टर म्हणाला, "गाडी उभी असते कुणाच्या दारात?"

एवढ्यावर दोघं थांबले आणि पुढे कित्येक वर्षं बोलणंच थांबलं. बायका बोलायच्या, मुलं एकमेकांकडे जायची. हे दोघे समोरासमोर आले तर एक जण बुटाची नाडी बांधायला वाकायचा.

दादाने आता गाडी मुलीला, म्हणजे टेस्टरच्या त्या पुतणीला दिली. तिची रोपवाटिका आहे. रोपांच्या कुंड्या मागे ठेवून बाजारात उभी केली की लोक गाडी बघायला येतात आणि रोप घेऊन जातात, असा तिचा हिशेब. एका सकाळी तिने गाडी थेट शेडमध्ये घातली आणि बाकावर एक खोकं ठेवलं.

"काका, रेडिओ मिळाला! अगदी कंपनीचा, याच गाडीत बसणारा. हायवेवरच्या भंगारवाल्याकडे होता."

तिने कागद उलगडला. पितळी मूठ चमकली. टेस्टरच्या हातातली पक्कड जिथल्या तिथे राहिली.

"कुठून म्हणालीस?"

"भंगारवाल्याकडून."

"त्याला कुणी दिला?"

"त्याला काय आठवणार, काका! कुणाचं तरी सामान एकदम घेतलं म्हणाला."

"बाबांनी बघितला?"

"नाही अजून. चालू झाला की दाखवणार."

ती गेली आणि टेस्टरने शेडचा पत्रा अर्धा ओढून घेतला. "शेठ, हा रेडिओ दादाच्या माळ्यावर होता. आता पोरीच्या हातून पाठवतोय आणि नाव भंगारवाल्याचं."

"तो कशाला असं करेल?"

"मी गुपचूप बसवून द्यावा म्हणून. म्हणजे विषय मिटला, चोर सुटला." मग तो हळू आवाजात म्हणाला, "पण वायर खोटं बोलत नाही. दादाला जोड सोडवायचा धीर नाही, तो पकडीने कचकन तोडतो. डॅशबोर्डामागे तुटकं टोक सापडू दे, त्याच्या दारात जाऊन सगळ्यांदेखत दाखवतो."

वहिनी डबा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "दाखवा," त्या म्हणाल्या. "आणि मग दोघांपैकी एक मेला की दुसऱ्याला कळवायचं काम माझ्याकडे आलंच."

त्याने डबा उघडलाही नाही.

आधी त्याने गाडीची बॅटरी तपासली. त्या गाडीत सगळं उलटं असतं. बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. मध्ये कुणी नवशिक्याने ते फिरवलं असेल, तर रेडिओ लावताक्षणी गेला. टेस्ट लॅम्प कुठल्याही बाजूने पेटतो, म्हणून त्याने मीटर लावला आणि एकदा बघून भागलं नाही म्हणून पुन्हा बघितलं. बरोबर होतं. मग तो उताणा होऊन डॅशबोर्डाखाली शिरला आणि मी टॉर्च धरला. तेवढं मला येतं.

आत जळमटं होती, जुन्या लाकडाचा भुसा होता. वायरींचा एक जुडगा बाजूला सरकवून तो म्हणाला, "टॉर्च इकडे. अजून इकडे."

मी वाकून पाहिलं. रेडिओची वायर तोडलेली नव्हती. जोड नीट सोडवलेला होता आणि उघड्या टोकावर काळ्या कापडी टेपची टोपी चढवलेली होती. टेप उलट्या अंगाने गेलेली. टोक दुमडलेलं.

माझ्या मनात पाल चुकचुकली.

"काय बघतोस?" तो आतून म्हणाला.

"काही नाही."

"कुणीतरी माझ्यासारखी गुंडाळलीय. मुद्दाम. मला अडकवायला."

"कुणी? दादाने? डाव्या हाताने?"

"शिकला असेल."

"आणि टोकही दुमडायला शिकला?"

तो सरपटत बाहेर आला. केसांत भुसा. बाकावरचा रेडिओ त्याने फिरवला आणि मागून लोंबणाऱ्या वायरीचं टोक बोटांत धरलं. तिथेही तशीच टोपी होती. तो बराच वेळ तिच्यावरून नख फिरवत बसला. मला वाटलं, उठून जावं. पण उठलो तर मी कुणाला तरी सांगायला निघालो असं त्याला वाटेल, म्हणून बसलो.

"आई म्हणाली होती," तो म्हणाला, "घरी न्याल तेव्हा त्या गाडीतून न्या आणि गाणी लावा. रेडिओ घरघरत होता. मी हॉस्पिटलमधून येऊन तो काढला आणि चौकातल्या रेडिओवाल्याकडे टाकला." थोडं थांबून म्हणाला, "आई काही त्या गाडीतून घरी आली नाही. मग रेडिओ कुणाच्या लक्षात राहणार?"

"आणि रेडिओवाला?"

"दुकान मोडलं त्याचं. सामान भंगारात गेलं असणार. तिथे आता चपला विकतात." त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "तू कुणाला सांगणार नाहीस ना?"

"नाही."

"एवढ्या पटकन नाही म्हणालास म्हणजे सांगणार."

त्याने ब्लेड घेतलं. मला वाटलं, आता टेप कापून कचऱ्यात टाकेल आणि वर माझ्याकडून शपथ घेईल. त्याने ब्लेड खाली ठेवलं, पुन्हा डॅशबोर्डाखाली शिरला आणि गाडीच्या वायरीवरची टोपी नखाने अलगद उपसून काढली. ती शर्टाच्या खिशात गेली. ती जपण्यासाठी गेली की नाहीशी करण्यासाठी, मला कळेना. उरलेला दिवस मी रेडिओपेक्षा त्या खिशावरच जास्त लक्ष ठेवून होतो. स्पीकर, एरियल, फ्यूज, सगळं त्याने जागच्या जागी जोडलं. रेडिओ खाचेत सरकवला तेव्हा वडिलांच्या वेळचे स्क्रू पुन्हा त्याच भोकांत बसले.

दुसऱ्या दिवशी पुतणी आली ती दादाला घेऊनच. दादा काठी टेकत शेडच्या उंबऱ्यापाशी थांबला आणि छताकडे बघत उभा राहिला. टेस्टर जमिनीकडे बघत होता. पुतणीने पितळी मूठ फिरवली. काहीच झालं नाही.

दादा छताला म्हणाला, "मला वाटलंच होतं."

"थांब जरा," टेस्टर जमिनीला म्हणाला. "व्हॉल्व्ह आहेत. तापायला वेळ लागतो."

इतक्या वर्षांत दोघांचं हे पहिलं बोलणं. वहिनी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मग गाडीच्या पोटातून बारीक गुणगुण आली आणि पाठोपाठ एका बाईचा आवाज, हवामान सांगणारा. उद्या अंशतः ढगाळ.

दादा पुढे झाला आणि त्याने मुठीवर हात ठेवला. टेस्टरने खिशातून टेपची टोपी काढून त्याच्यासमोर धरली.

"दादा, रेडिओ मीच काढला होता."

दादाने डोळे बारीक केले.

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? मी सांगतोय ना!"

"आत्ताच का सांगतोयस? कुणाला वाचवतोयस? का माझ्यावर उपकार करायला बघतोयस?"

टेस्टरचा चेहरा लालबुंद झाला. "अरे, आयुष्यात एकदा खरं बोलतोय तर त्यालाही साक्षीदार हवा?"

"हवा," दादा म्हणाला. दोघे एकाच आईची मुलं आहेत हे मला त्या क्षणी पुरतं पटलं.

टेस्टरने माझ्या दुकानातली नवी टेप घेतली, वायरीचा तुकडा घेतला आणि दादाच्या डोळ्यांसमोर टेप त्यावर गुंडाळली. टोक दुमडलं. दादाने चष्मा लावला, जुनी आणि नवी शेजारी धरली. मग स्वतः एक तुकडा गुंडाळून पाहिला. त्याची टेप उलट्या अंगाने चढेना. त्याने वायर खाली ठेवली.

"का काढलास?"

"आईसाठी. तिला गाणी ऐकायची होती. घरघर होत होती म्हणून दुरुस्तीला टाकला आणि विसरलो."

रेडिओवरची बाई वाऱ्याचा वेग सांगत होती.

"म्हणजे मी म्हणत होतो ते बरोबर होतं," दादा म्हणाला.

"हो."

"आणि तू मला चोर ठरवलंस."

"हो."

दादाने टेपची जुनी टोपी उचलली, स्वतःच्या खिशात ठेवली आणि काठी मुलीच्या हातात देऊन सरळ चालकाच्या जागेवर चढला. "बस. चालत्या गाडीत आवाज येतो का बघू. तुझ्या कामाची मला खात्री नाही."

"बाबा, अहो, माझी गाडी!" पुतणी ओरडली.

टेस्टर शेजारी चढला. "ती टेप दे इकडे."

"नाही. उद्या तू नाकारशील. पुरावा राहू दे माझ्याकडे."

"माझ्यावर एवढा संशय?"

दादाने गिअर टाकला. पिकअप खोकत गल्लीबाहेर वळला. हवामान संपून आता कुणीतरी गात होतं, पण गाणं नीट ऐकू येत नव्हतं. दोघे भांडत होते.