पासिंगच्या मैदानात गेलेला ब्रेक

मित्रांनो, एसटीत बसून लिहितोय.

माझी सेकंड हँड सात सीटर पारोळा-जळगाव प्रवासी वाहतुकीला चालते. दरवर्षी पासिंगला पहिल्याच खेपेत पास होते, म्हणून मी निर्धास्त होतो. आज पासिंगसाठीच जळगावला निघालो. शेजारच्या अक्का तान्ह्या नातीला घेऊन सोबत आल्या. हायवेवर पुढे-मागे ट्रक आणि मी ऐंशीच्या वेगात. अक्कांना दवाखान्यात सोडून आरटीओच्या मैदानावर गेलो.

चाचणीसाठी शेजारी बसलेले आरटीओचे साहेब म्हणाले, "जोरात ब्रेक मारा."

मारला. पेडल थेट तळाला गेलं, गाडी पुढेच निघाली. हँडब्रेक ओढला तेव्हा भिंतीजवळ कशीबशी थांबली. खाली वाकून पाहिलं तर गंजलेला ब्रेकचा पाइप फुटून ऑइल गळत होतं.

साहेब एवढंच म्हणाले, "भाऊ, हे हायवेवर झालं असतं तर?"

गाडी टोचन करून गॅरेजला पाठवली आणि दवाखान्यात गेलो. अक्कांनी विचारलं, "गाडी पास व्हयनी का, भाऊ?"

त्यांच्या मांडीवर बाळ झोपलं होतं. मी म्हटलं, "नाही, अक्का. चला, एसटीने जाऊ."

आता आम्ही एसटीने परततोय. समोर ट्रक दिसला की माझा पाय आपोआप खाली दाबला जातो. पासिंग वर्षातून एकदा होतं. मधल्या दिवसांत तुम्ही गाडीखाली वाकून पाहता का?