जर्मनीतला ओटा

मुलाकडे जर्मनीला गेलो तेव्हा परतीचं तिकीट खिशात होतं आणि मुलाच्या मनात ते रद्द करायचं होतं. "आई गेल्यावर गावात एकटे काय करणार, आप्पा? इथंच राहा," हा त्याचा रोजचा धोशा. म्हटलं, आधी देश तर बघू दे. मग सोयरीक जमवायला गेल्यासारखा मी तो देश खोड्या काढत बघितला.

बस आवडली. म्हाताऱ्यांसाठी ती चक्क एका अंगाने खाली वाकते. विसरवाडीच्या फाट्यावर बसमागे धावण्यात माझा जन्म गेला, तिथे बस कोणासाठी वाकते? रस्त्यात पाऊल टाकलं की मोटारी थांबतात, म्हणून काम नसताना मी दोनदा रस्ता ओलांडून घेतला. संध्याकाळच्या जेवणातला गार पाव मात्र घशाखाली उतरेना. आणि पोटचा पोरगा घरची बोली सोडून माझ्याशी शाळेतल्या मराठीत बोलायचा, "औषध घेतलंत का?" ते तर मुळीच आवडलं नाही. घरात कंपाउंडर आल्यासारखं वाटायचं.

आमच्या तापीकाठी सकाळी माणूस ओट्यावर बसतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला कुठे निघालास म्हणून विचारतो. उत्तराशी कोणाला देणंघेणं नसतं, पण विचारल्याशिवाय चहा पचत नाही. मुलाच्या इमारतीची पायरी अगदी ओट्यासारखी होती. तो कामावर गेल्यावर मी मफलर गुंडाळून तिथे बसलो आणि येईल त्याला हात वर करून विचारू लागलो, "कोठे चालना, भाऊ?"

भाऊ दचकले. म्हातारा घराबाहेर अडकलाय आणि मदत मागतोय, असा त्यांचा समज झाला. एकाने पांघरूण आणलं, एका बाईने गरम सूप. काय ही माया, म्हणून मी सूप संपवलं. थोड्या वेळाने कुलूप उघडणाराही पेटी घेऊन आला. त्यालाही विचारलं, कोठे चालना?

कोणीतरी फोन केला असावा, मुलगा धावतपळत आला. सगळ्यांची माफी मागून त्याने त्यांना वाटेला लावलं आणि तो माझ्यावर उखडला, "आप्पा, हाई काय चालू शे? लोके काय म्हनतीन!"

पोरगा घरच्या बोलीत रागावला, मला भलताच आनंद झाला. मी सरकून जागा केली, पांघरुणाचा अर्धा भाग उचलून धरला. तो फुगलेल्या तोंडानेच येऊन बसला.

समोरून एक म्हातारी कुत्रं घेऊन येत होती. मी तोंड उघडायच्या आत त्यानेच हात वर केला, "कोठे चालनी, माय?"

तिकीट रद्द करू नको, पण तारीख पुढे ढकल, असं मी त्याला त्याच पायरीवर सांगितलं.