आवाज बंद करायचं बटण

ते बटण मीच केलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी जो तळतळाट करणार आहे तो वाचताना तुम्हाला माझी फार कीव येणार नाही.

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी कुटुंबं आता आपल्याकडेही दिसायला लागली आहेत. माझी कॉलेजातली एक मैत्रीण त्यातलीच. तिनं दोन्ही मुलांची नावं शाळेतून काढली, तेव्हा आमच्या मंगळवार पेठेत चार दिवस दुसरा विषय नव्हता. गणित, विज्ञान ती स्वतः शिकवायची, पण गाण्याशी तिचं जन्माचं वाकडं. एक दिवस ती माझ्या टेबलासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "माझ्यासारख्या बेसूर आयांसाठी गाणं शिकवणारी वेबसाइट काढूया. रचना तू कर, कुटुंबं मी जमवते." मी वेबसाइट करूनच पोट भरतो. आजवर मंगल कार्यालयांच्या केल्या, दूध संस्थांच्या केल्या, चपलांच्या दुकानांच्या तर किती केल्या ते आठवतही नाही. हे काम ऐकून मात्र अंगात वारं शिरलं.

शिकवणार कोण, याचा मी क्षणभरही विचार केला नाही. शहराबाहेर उचगावात माझ्या बाई राहतात. लहानपणी आठ वर्षं मी सायकल मारत त्यांच्याकडे गाणं शिकायला जायचो. वडिलांच्या भजनी मंडळात ऐकून ऐकून त्या पेटी शिकल्या आणि पुढे जन्मभर घराच्या सोप्यात बसून पोरांना शिकवत राहिल्या. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. पण कसलंही घोगरं मूल त्यांच्यापुढे बसवा, महिन्याभरात सुराला लागायचं.

त्यांनी आधी साफ नाही म्हटलं.

"पोरा, मी कुटं शिकलोय? माजं बोलनं ह्ये असलं. शहरातली पोरं हसतील की."

"हसू देत," मी म्हणालो. "बाई, तुमचा आवाज आहे तसाच जाईल. एक अक्षर बदलणार नाही. माझा शब्द."

त्यांनी पेटीच्या भात्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तुजा शबुद म्हनतोस, तर बस. च्या टाकतो."

खिडक्यांना वाकळा बांधल्या आणि रोज दुपारी एकेक धडा भरायला लागलो. बाईंना माइकसमोर पहिले दोन दिवस धड बोलता येईना. तिसऱ्या दिवशी त्या माइक विसरल्या आणि समोर पोरं बसल्यासारख्या सुटल्या. "सा कसा लावायचा? दुधाच्या धारंगत. धार तुटली की म्हस लाथ मारती, ध्येनात ठेवा!" मी हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला होता. हेच वाक्य ऐकून मी दहा वर्षांचा असताना पहिल्यांदा लांब सा लावला होता, मनातल्या मनात म्हशीची लाथ चुकवत.

घरी शिकणाऱ्या मुलांच्या सवयी मी मैत्रिणीच्या घरी जाऊन बघितल्या. एकाच पडद्यापुढे पाच वर्षांचं आणि अकरा वर्षांचं मूल बसतं, म्हणून इयत्ता ठेवल्या नाहीत, नुसत्या पायऱ्या ठेवल्या. आईचे हात कणकेत असतात, म्हणून बटणं मोठी केली. आणि मुलाला एकट्यानं गाऊन बघता यावं म्हणून पेटी आणि बाईंचा आवाज वेगवेगळा भरला. बटण दाबलं की बाईंचा आवाज बंद, खाली नुसती पेटी चालू, त्यावर मूल गाणार. सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त कौतुक त्या बटणाचं होतं.

साइट सुरू झाली. कुटुंबांशी बोलणं, धडे चढवणं हे सगळं मैत्रिणीकडे होतं, त्यामुळे पासवर्डच्या चाव्याही सगळ्या तिच्या हातात दिल्या. "मस्त चाललंय," एवढं ती अधूनमधून कळवायची. माझा तिच्यावर घरच्या माणसासारखा विश्वास होता.

एका रविवारी दुपारी बाईंना साइट दाखवायला गेलो. शिकायला आलेल्या चार-पाच पोरांना त्यांनी मुद्दाम थांबवून घेतलं होतं. "आता बगा, मी टीव्हीत कसा दिसतो," म्हणाल्या. दिसणार नाही, फक्त ऐकू येणार, असं मी सांगितलं तरी त्यांनी इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं. मी पहिला धडा लावला.

पेटी वाजली. मग एक तरुण, गोड, बातम्या वाचल्यासारखा स्वच्छ आवाज आला. "मुलांनो, षड्ज लावताना दुधाच्या धारेची कल्पना करा. धार अखंड असू द्या."

चुकून भलतंच काही लागलं असेल, असं वाटलं. दुसरा धडा लावला, मग तिसरा. सगळीकडे तोच आवाज. आमच्या बाईंचंच एकेक वाक्य, धुऊन, वाळवून, घडी घालून. म्हैस तेवढी कुठेच नव्हती. पोरं एकदा पडद्याकडे आणि एकदा बाईंकडे बघायला लागली.

"पेटी माजी हाय," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "गळा ग्वाड हाय पोरीचा. कुनाची म्हनायची?"

"मला माहीत नाही, बाई."

"तुला ठावं न्हाय?"

मी मान हलवली. त्यांनी पोरांना घरी पाठवलं आणि पेटीवर कापड टाकलं. मला चहा विचारला नाही.

तिथून मी थेट मैत्रिणीच्या फ्लॅटवर गेलो. तिची मुलं जेवणाच्या टेबलावर लिंबाचा रस घेऊन कसला तरी प्रयोग करत होती. तिनं मला बाल्कनीत नेलं आणि अगदी शांतपणे सगळं सांगितलं. पालकांच्या तक्रारी यायला लागल्या होत्या. एकीची मुलगी 'मी जेवले' सोडून आपल्या बाईंसारखं 'मी जेवलो' म्हणायला लागली होती. ज्या लोकांनी मुलांना शाळेपासूनसुद्धा जपलं, त्यांना हे कसं चालणार? म्हणून पुण्याच्या एका मुलीकडून सगळं पुन्हा वाचून घेतलं.

"पद्धत बाईंचीच आहे, पेटी बाईंचीच आहे. खाली 'मार्गदर्शन' म्हणून नावही टाकलंय. आणि अवघड काहीच नव्हतं रे, तू आवाज वेगळाच ठेवला होतास. एक काढला, दुसरा घातला."

"मला का विचारलं नाहीस?"

"तू नाही म्हणाला असतास."

इतक्या वर्षांच्या मैत्रीत ती माझ्याशी खोटं बोलली असती तर मी समजून घेतलं असतं. पण ती खरं बोलत होती आणि त्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. मी ओरडलो. जुना आवाज परत घाल म्हणालो, नाहीतर पेटीपण काढ म्हणालो. तीही मग चढली. "तुझ्या बाईंच्यापायी समदं बुडवू व्हय मी?"

"बघ," मी म्हणालो, "तुझ्या तोंडातनंपण तेच येतंय."

ती लाल झाली. माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून वाढलेली मुलगी ती. पण आवाज तिनं परत घातला नाही आणि पेटीही काढली नाही. मी काम सोडलं. विश्वासघात हा शब्द मला नाटकी वाटायचा. आता तो माझ्या तोंडात सारखा असतो आणि तिची आठवण आली की अजून डोकं तडकतं. साइट मात्र जोरात चालू आहे.

बाईंना तोंड दाखवायला मला पंधरा दिवस लागले. काय बोलायचं ते वाटेत घोकत गेलो. त्यांनी मला शिव्या घालाव्यात, चार पोरांसमोर घालाव्यात, असं मनापासून वाटत होतं. शिव्या खाल्ल्या असत्या तर निदान रात्री झोप तरी लागली असती.

सोप्यात वर्ग चालू होता. मी दारातच थांबलो.

"मुलांनो, स्वर लांब लावा," बाई सांगत होत्या. "मध्ये तोडू नका. पुन्हा म्हणा." एकेक शब्द चाचपून, मग ठेवल्यासारखा. पोरं गात होती, पण त्यांचा सा डुगडुगत होता आणि कुणीच हसत नव्हतं.

मला बघून त्या उठल्या. पदर सारखा केला.

"या," म्हणाल्या. "बसा. चहा घेणार ना?"

आयुष्यात त्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. "बाई, असं नका बोलू," एवढंच मला म्हणता आलं.

त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला आणि मला विचारलं, "बरोबर आहे ना हे? का अजून कुठं चुकते मी?"