चित्रफितीत न बसलेली ओवी

माझ्या थोरल्या चुलत्यांनी भर यात्रेत माझ्या गळ्यातला ढोल काढून घेतला. एक ठोका चुकला होता. "ढोल वाजिवतूस का हळद कांडतूस रं?" म्हणाले, आणि सगळं गाव हसलं. मी तेव्हा सांगलीच्या हळद बाजारात नुकताच कामाला लागलो होतो. पुढे कितीतरी वर्षं मी गावी गेलो, की कुणी ना कुणी हवेत मुसळ हाणून दाखवायचा.

आमचं गजी ढोलाचं पथक साताऱ्याच्या पूर्वेकडचं, धनगरांचं. आधी चुलते बिरोबापुढे बसून ओवी म्हणायचे, चांगला अर्धा तास. ती संपेपर्यंत ढोलाला कुणी हात लावत नसे.

राज्याच्या मोठ्या पुरस्कारासाठी दहा मिनिटांची चित्रफीत मागवली होती. अर्जबिर्ज मला जमतात म्हणून काम माझ्याकडे आलं. चित्रीकरण साताऱ्यात ठेवलं. चुलते नवा फेटा बांधून आले.

"नाना, ओवी न्हाई बसत यात."

"मग मी काय करू?"

"बसा तिथं, च्या येईल."

दोन मिनिटांची ओवी सहज बसली असती. मला ते माहीत होतं. खुर्चीत बसलेल्या त्यांच्याकडे बघताना मला फार बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

पुरस्कार मिळाला. मग ती चित्रफीत मोबाईलवरून गावोगाव गेली. शाळांची स्नेहसंमेलनं, गणपतीच्या मिरवणुका, दुसरी पथकं, सगळे तीच बघून शिकले. पहिल्या क्षणापासून ढोल. परीक्षकही तसंच मागायला लागले. आमच्या पथकानेही ओवी सोडली. चुलते यात्रेला यायचे बंद झाले.

गेल्या वर्षी सांगलीतल्या स्पर्धेत मीच परीक्षक होतो. एकाही पथकाने ओवी म्हटली नाही. चित्रफितीचा पुरस्कार पथकाचा होता, पण सगळीकडे वाजत होता तो माझा सूड. दुसऱ्या दिवशी मी गाव गाठलं. ती ओवी अख्खी येणारे आता चुलते एकटेच.

"नाना, चुकलं माझं. आवं, एकदा म्हणा, मी भरून घेतो."

त्यांनी माझ्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. "किती मिन्टं हायती?"

"लागतील तेवढी."

"आता व्हय!" ते हसले. मग घरात हाक मारून मला म्हणाले, "बस तिथं, च्या येईल."

तेव्हापासून दर महिन्याला जातो. चहा मिळतो.