लाल फडक्यातली डबी

सन दोन हजारनंतरची दोन-तीन वर्षं झाली असतील. धाकटी बहीण आणि तिचे यजमान अमेरिकेहून आले, आणि मेहुण्यांनी माझ्या हातात उपग्रहावरून जागा सांगणारं एक जुनं जीपीएस यंत्र ठेवलं. मला वाटलं, त्यापेक्षा एखादा स्वेटर आणला असता तर काय बिघडलं असतं? देवासला डिसेंबरात थंडी वाजते, वाट कोणाची चुकत नाही. टेकडी दिसली की घर कुठे ते कळतं.

पण ते मोठ्या उत्साहाने समजावत होते. जिओकॅशिंग नावाचा खेळ आहे म्हणे. कुठेतरी एक डबी लपवायची, तिथले अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे. मग जगातला कोणीही हे यंत्र धरून शोधायला येतो, आतली एखादी वस्तू घेतो, आपली एखादी ठेवतो आणि डबी परत जागच्या जागी.

"म्हणजे मोठ्यांची लपाछपी," मी म्हटलं.

बहीण हसली. "दादा, तू लपव. पुढच्या हिवाळ्यात आम्ही येऊन शोधतो."

तिने ते सहज म्हटलं असेल. मी मात्र ते धरून बसलो.

आईवडील गेल्यावर कारखान्याच्या कॉलनीत मी एकटाच राहत होतो. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही असं लोक विचारायचे तेव्हा मला राग यायचा; पुढे कोणी विचारेना, तेव्हा त्याचाही आला. शेजारी भले होते, पण सगळे हिंदी बोलणारे. मराठी बोलायला मला बहिणीचा रविवारचा फोन होता. एरवी आठवडाभर देवापुढच्या स्तोत्राखेरीज मराठीचा शब्द तोंडातून निघत नसे.

डबी लपवायला मी नेमावर निवडलं. नर्मदेच्या काठाला चिकटलेली जुनी घरं, काळं पडलेलं दगडी देऊळ, आणि गल्ल्या अशा उताराच्या की चालणारा आपोआप पाण्याशी पोचतो. वडिलांच्या अस्थी आम्ही भावंडांनी तिथेच सोडल्या होत्या. आईच्या वेळी बहिणीला येता आलं नाही, मी एकट्याने सोडल्या. परतताना बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती. माझ्या वेळी या बसमध्ये कोण बसेल, असा विचार तेव्हा मनात आला, आणि तो पुढे कधी पुरता गेला नाही.

डबी आईची होती, लवंग-वेलदोड्याची, स्टीलची. आत सही करायला कागद, पेन्सिलीचा तुकडा आणि खेळणं म्हणून बहिणीचे पाच सागरगोटे. लहानपणी क्वार्टरच्या पायरीवर बसून ती तासन्‌तास ते खेळायची आणि मला हरवून वर चिडवायची. डबी उघडल्यावर तिचा चेहरा कसा होईल, हे मी मनातल्या मनात कितीदा तरी पाहिलं होतं. झाकण सैल होतं, म्हणून डबी लाल फडक्यात घट्ट गाठ मारून बांधली. लाल एवढ्यासाठी, की शोधणाऱ्याला पटकन दिसावी. घाटावरच्या पिंपळामागे, पुराच्या खुणेच्या बरंच वर, भिंतीत दिव्याचा एक रिकामा कोनाडा होता. त्यात ती सरकवली, यंत्रावरचे आकडे टिपून घेतले आणि मेहुण्यांनी शिकवल्याप्रमाणे इंटरनेटवर टाकले.

मग मी वाट पाहू लागलो. पगाराच्या दिवशी सायबर कॅफेत जाऊन ते पान उघडायचो. कोणीही आलेलं नसायचं. कॅफेवाला विचारायचा, "भिया, कोई रिजल्ट आना है क्या?"

"हाँ, सप्लीमेंट्री का," मी म्हणायचो.

पहिल्या हिवाळ्यात भाचीची शाळा आडवी आली, दुसऱ्या हिवाळ्यात मेहुण्यांची नवी नोकरी. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर बहीण फोनवर म्हणाली, "दादा, यंदाही नाही रे जमत."

"बरं, बरं. डबी काय कुठे पळून जाते?" मी हसत म्हटलं. फोन ठेवला आणि असा संताप आला की हातातला पेला आदळला. तिचा नव्हे, माझाच. चाळिशी उलटलेला माणूस डबी लपवून बसतो म्हणजे काय! ती घरी परत आणायची असं ठरवून पुढच्या सुट्टीला मी नेमावर गाठलं.

कोनाडा रिकामा होता.

आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. सापडली! कोणीतरी आलं होतं, माझ्या डबीसाठी या घाटापर्यंत आलं होतं. पिंपळाखाली लाकडी चौकीवर एक वयस्क पंडितजी बसले होते. त्यांना मी उतावीळपणे विचारलं, "पंडितजी, यहाँ लाल कपड़े में एक डब्बी थी..."

"वो आपकी थी?" त्यांनी हात जोडले. "भिया, बहुत राह देखी. पूरी बरसात निकल गई, कोई आया नी. फिर पितर पक्ष में मैंने ही सिरा दी नर्मदाजी में. मंतर-पानी सब करके."

सिरा दी, म्हणजे विसर्जन केली. पिंपळ, लाल फडकं, गाठ मारलेलं भांडं. आमच्याकडे त्याचा अर्थ पोरालाही कळतो. वडिलांना मी असंच घेऊन आलो होतो, अशाच लाल फडक्यात. तरी माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं.

"खोल के नहीं देखा?"

"राम राम! पराई अस्थी कौन खोले? उठाई तो हड्डियाँ बज रही थीं भीतर."

सागरगोटे.

हा खेळ होता, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण या माणसाने कोणा परक्यासाठी पावसाळाभर वाट पाहिली होती. मेहुण्यांचे उपग्रह मी त्याच्यापुढे कुठल्या तोंडाने मांडणार?

"नाम मालूम नी था, तो अज्ञात बोल के पानी दिया," ते म्हणाले. "मन में खटका रह गया. अब आप आ गए हो तो नाम-गोत्र बोल दो, आज नाम से दे दूँ. कौन थे आपके?"

आईचं, वडिलांचं सगळं यथासांग झालं होतं. घरात उरलं होतं एकच माणूस. मी त्याचं गोत्र सांगितलं, आणि मग नाव सांगितलं. माझंच.

पंडितजींनी मला शेजारी बसवलं, ओंजळीत तीळ घातले, पाणी घातलं. त्यांनी माझं नाव उच्चारलं. किती दिवसांनी कोणीतरी ते पूर्ण, गोत्रासकट, सावकाश घेत होतं. मी पाणी सोडलं. 

"रो लो, भिया," ते म्हणाले. "अपना ही आदमी था."

मग मी रडलो.